अहिरे सुभेदारांचा नऊ नंबर

बुटांच्या दुकानात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचा चेहरा उशिरा आठवतो, पाय आधी आठवतो. गंगापूर रोडला भाजी घेताना एखादे गृहस्थ हसत समोर येतात, ओळखलं का म्हणून विचारतात, आणि माझी नजर आपोआप खाली जाते. डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या नंबरानं मोठा, चवडा रुंद, चालताना टाच बाहेर पडते. मग नाव आठवतं. माझा नवरा म्हणतो, कुणी गमबूट घालून भेटायला आलं तर तुझी पंचाईत आहे.

एका परदेशी कंपनीची खेळाच्या बुटांची आणि कपड्यांची दुकानं मी एकवीस वर्षं सांभाळली. आधी कॉलेज रोडचं एक, मग नाशिकची दोन आणि धुळे-जळगावचीही. लोकांना वाटतं, काचेचं दुकान, एसी, गाणी, त्यात अवघड काय? जगभर सारखी दिसणारी ही दुकानं आतून फार शिस्तीची असतात. भिंतीवर बूट कसा तिरका ठेवायचा, लेस कशी ओवायची, टी-शर्टची घडी किती रुंद, सगळ्याचे फोटो परदेशातून येतात. त्या फोटोत आपल्याकडचा माणूस कुठंच नसतो. त्याला त्यात बसवायचं, हे मॅनेजरचं काम. त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. त्यांना कातडं नसलेला बूट हवा होता आणि माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. लेखी द्या म्हणाले. मी कंपनीला लिहिलं, कंपनीनं वरच्या कंपनीला लिहिलं, आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं की या बुटात कुठल्याही प्राण्याचा अंश नाही. गुरुजींनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मगच बुटात पाय घातला.

माझे वडील नाशिक रोडला सरकारी छापखान्यात होते. बी.कॉम. झालेली मुलगी परक्या माणसांचे पाय हातात धरून बसते, हे त्यांना सुरुवातीला फार लागलं. दोनतीन वर्षं ते दुकानात आलेच नाहीत. मग एकदा न सांगता आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, माप घे. त्यानंतर ते कॉलनीत सांगत सुटले की आमची सुजाता नुसता जुना बूट बघून माणसाची चाल सांगते.

ते खरं होतं. आमच्याकडे फाटका किंवा झिजलेला बूट घेऊन कुणी आलं की त्याला क्लेम म्हणतात. दोष कंपनीचा की वापरणाऱ्याचा, हे ठरवायचं आणि फोटो काढून वर पाठवायचे. शेकडो बूट उलटे करून पाहिल्यावर सोल वाचता येऊ लागतो. बहुतेकांची टाच बाहेरून झिजते. पाठीचं दुखणं असलेला एका बाजूवर जास्त भार टाकतो. आतली गादी काढून पाहिली की पायाचा काळसर ठसा मिळतो, पाची बोटांसकट. खोटं बोलणारं गिऱ्हाईक तिथं सापडतं. एकदाच घातला म्हणणाऱ्याच्या गादीवर सहा महिन्यांचा घाम असतो.

हे वाचायला मी ज्यांच्या बुटांवर शिकले, ते अहिरे सुभेदार. मूळचे सटाण्याकडचे, तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळाली कॅम्पला घर बांधून राहिलेले. दर सात-आठ महिन्यांनी यायचे आणि त्याच जातीचा, रुंद चवड्याचा नऊ नंबर न्यायचे. येताना जुना जोड पिशवीत आणायचे, कारण तो उलटा करून बघायला मला आवडतं हे त्यांना माहीत झालं होतं. नोकरीत असताना एकदा तोफेचं चाक त्यांच्या उजव्या पायावरून गेलं होतं. मधली दोन बोटं निकामी झाली होती. त्यामुळे पळताना ते उजवा पाय उचलायच्या आधी अंगठ्यावर किंचित फिरवायचे. त्यांच्या उजव्या सोलवर अंगठ्याखाली रुपयाएवढं गोल, गुळगुळीत तळं पडायचं आणि त्याच्या कडेनं भोवऱ्यासारख्या रेघा उमटायच्या. एकवीस वर्षांत मी तसा दुसरा सोल पाहिला नाही. नवा जोड पायात घालून ते दुकानात चार पावलं टाकायचे आणि आपल्या अहिराणीत एवढंच म्हणायचे, "चांगलं शे." म्हणजे चांगलं आहे.

शेवटच्या वेळी त्यांचा नंबर दुकानात नव्हता, म्हणून मी गोदामातून मागवला. जोड आल्यावर फोन केला तर त्यांच्या पत्नीनं उचलला. सुभेदारांना जाऊन तेरा दिवस झाले होते. सकाळी पळून आले, पाणी प्यायले आणि ओट्यावर बसल्या बसल्या गेले. मी म्हटलं, काकू, बूट मी परत पाठवून देते. त्या म्हणाल्या, नको, त्यांनी मागवलाय ना, मग तो त्यांचाच आहे. दुसऱ्या दिवशी बसनं येऊन त्या खोकं घेऊन गेल्या.

यानंतर चारेक महिन्यांनी, दुपारी दुकान रिकामं असताना अहिरेकाकू पुन्हा आल्या. कापडी पिशवीतून त्यांनी तो जोड काढला आणि माझ्यासमोर काउंटरवर ठेवला. बूट वरून नवे दिसत होते. मी सवयीनं उलटे केले.

सोल झिजलेले होते. डाव्याची टाच बाहेरून गेली होती. उजव्यावर अंगठ्याखाली गोल तळं होतं, भोवऱ्यासारख्या रेघांसकट. खाचांमध्ये तांबडा मुरूम अडकला होता.

मी विचारलं, कुणी वापरले? काकू म्हणाल्या, कुणी नाही. खोक्यातून काढून दाराजवळच्या स्टँडवर ठेवले होते, ते तसेच आहेत. घरात त्या आणि त्यांची मुलगी मनीषा, दोघीच. दोघींचे पाय पाच नंबरच्या वर नाहीत. सुभेदार पहाटे पाचला पळायला जायचे, तेव्हा काकू उठून दाराची कडी काढून द्यायच्या. तीस वर्षांची सवय. ते गेल्यावरही त्या पाचला उठत होत्या, कडी काढून दार उघडं ठेवत होत्या आणि सातला लावत होत्या. याखेरीज त्या काही करत नव्हत्या.

मी आतली गादी ओढून काढली. ती कोरी होती. पांढरी, फुगीर, कारखान्यातून येते तशी. तिच्यावर ना बोटांचा ठसा होता, ना टाचेचा. बाहेरून शेकडो मैल चाललेला आणि आतून एकदाही पाय न गेलेला बूट माझ्या हातात होता. मी सगळ्या शक्यता मनात पडताळल्या. फरशीवर घासला असता तर ओरखडे एका दिशेचे आले असते. कुणी मुद्दाम झिजवायचं म्हटलं तरी त्या गोल तळ्याची नेमकी जागा मी आणि सुभेदार सोडून कुणाला माहीत होती?

काकूंना पैसे नको होते, नवा जोडही नको होता. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यांचे सोल तुम्ही इतकी वर्षं बघितलेत. हे ह्यांच्याच पायानं झिजलेत का, एवढंच सांगा."

मी म्हटलं, फोटो वर पाठवावे लागतील, दोन दिवस द्या. हे नेहमीचं उत्तर आहे. उत्तर नसलं की आम्ही तेच देतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मनीषा आली. देवळालीच्या एका शाळेत ती शिकवत होती. डोळ्यांखाली काळं झालेलं, बोलताना सारखा मोबाइलचा कोपरा नखानं खरवडत होती. तिनं सांगितलं की पुण्यात तिला चांगली नोकरी मिळाली आहे, पण आई देवळाली सोडायला तयार नाही. पप्पा पळून परत आले आणि घरात कुणी नसलं तर, असं विचारते. पहाटे दार सताड उघडं असतं, आई उंबऱ्याशी उभी असते, आणि मनीषा आतल्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडलेली असते. गेल्या चार महिन्यांत ती धड झोपली नव्हती. मी विचारलं, तुम्हाला काही ऐकू येतं का? ती म्हणाली, मला काही ऐकायचंच नाही, म्हणून मी पंखा मोठा करते.

तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. बूट गोदामातूनच वापरलेला आला असणार, आणि तसंच मी आईला ठामपणे सांगावं. "ती माझं ऐकत नाही मॅडम. डॉक्टरांचंही नाही. तुमचं ऐकेल."

तो विषय माझ्या मनाला रात्रभर चिकटून राहिला. खरं सांगावं तर काय सांगणार होते? सोल त्यांचा आहे, गादी कुणाचीच नाही, हे? ते ऐकून त्या बाईनं जन्मभर पहाटे दार उघडलं असतं आणि मुलगी जन्मभर पंख्याच्या आवाजात पडून राहिली असती. दुसरीकडे, त्या माझ्याकडे आल्या होत्या ते मी खोटं बोलत नाही म्हणूनच.

तिसऱ्या दिवशी काकू आल्या तेव्हा मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं की गोदामाची चूक झाली. कुणीतरी परत केलेला वापरलेला जोड नव्या खोक्यात भरला गेला, आमचं बघायचं राहून गेलं. सांगताना मी सोलवरून बोट फिरवत होते. काकू माझ्या बोटाकडे बघत होत्या.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की, काकू."

त्यांनी मान हलवली. क्लेम बंद करायचा तर बदली जोड देणं भाग होतं. मी त्यांच्यासमोर नवं खोकं उघडलं. नियमाप्रमाणे दोन्ही सोलचे फोटो काढले, कोरे करकरीत. नव्या जोडीचे दोन्ही बूट प्लॅस्टिकच्या आखूड दोरीनं एकमेकांना बांधलेले असतात, भिंतीवरून एकच बूट चोरीला जाऊ नये म्हणून. ती दोरी कापू का विचारलं तर काकू नको म्हणाल्या. जुना जोड मी ठेवून घेतला. परत आलेला बूट आम्हाला कटरनं आडवा कापून फोटो पाठवावा लागतो, म्हणजे तो पुन्हा कुणी विकू नये. एरवी ते काम स्टाफ करतो. त्या दिवशी मी कुणाला करू दिलं नाही, स्वतः कापला. उजवा बूट कापताना पातं दोनदा अडकलं.

महिन्याभरात मायलेकी पुण्याला गेल्या. मनीषानं मेसेज केला की आई आता शांत असते, सकाळी सातपर्यंत झोपते. मी बरं वाटून घेतलं.

पुढच्या पाच महिन्यांत मी तो प्रसंग जवळजवळ विसरले होते. दिवाळीचा माल, दोन मुलं नोकरी सोडून गेलेली, धुळ्याच्या दुकानात गळणारं छत, यात दिवस जात होते. एका शनिवारी मनीषा दुकानात आली, ती चिडलेलीच. देवळालीचं घर भाड्यानं द्यायचं म्हणून ती ते उघडायला आली होती. पाच महिने कुलूप होतं, किल्ली तिच्याकडेच होती. दाराजवळच्या स्टँडवर आम्ही दिलेला बदली जोड होता. तिनं तो काउंटरवर आपटला आणि म्हणाली, एकदा चूक झाली ते समजू शकते, पण दुसऱ्यांदाही वापरलेलाच बूट?

मी जोड हातात घेतला. प्लॅस्टिकची दोरी शाबूत होती. दोन्ही बूट अजून एकमेकांना बांधलेले, मध्ये वीतभरही अंतर नाही. असे बूट घालून माणूस एक पाऊल टाकू शकत नाही. तळाला झीज नव्हती. टाचा कोऱ्या होत्या. झीज होती ती फक्त पुढं, दोन्ही बुटांच्या नाकांवर. रबर सोलपटलं होतं, कापड फाटून आतला फोम दिसत होता. आणि त्या फाटलेल्या कडांना हिरवा रंग लागला होता. ऑइलपेंटचे बारीक कपचे.

मनीषा बोलतच होती. घराची दुरवस्था झालीय, पुढचं दार आतून खालच्या बाजूला पार खरवडून ठेवलंय, घुशी शिरल्या असणार, आता रंगारी लावावा लागेल. मी विचारलं, दाराचा रंग कोणता? ती म्हणाली, हिरवा, पप्पांनी स्वतः दिलेला. का?

मी काही नाही म्हटलं. सिस्टिममध्ये बदली देताना मीच काढलेले फोटो होते, कोऱ्या सोलचे, ह्याच दोरीचे. ते मी तिला दाखवले नाहीत. पुन्हा एकदा कंपनीच्या वतीनं माफी मागितली आणि जोड ठेवून घेतला. ती रात्रीच्या आत पुण्याला पोचायचं म्हणून निघून गेली. मी स्टॉकरूममध्ये जाऊन खोक्यांवर बसले. पाच महिने. रोज पहाटे पाचला.

पुढच्या आठवड्यात पुण्याला कंपनीची मीटिंग होती. ती आटोपून मी मनीषाच्या फ्लॅटवर गेले. ती शाळेत होती, काकू एकट्याच होत्या. अंगानं भरल्या होत्या, बऱ्या दिसत होत्या. चहा झाला. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. पहिला बूट सुभेदारांच्याच पायाचा होता, मला ते बघताक्षणी कळलं होतं, आणि मी खोटं बोलले. मग दुसऱ्या जोडीचं सांगितलं, दोरीचं आणि हिरव्या रंगाचं.

काकूंनी कप उचलून बशीत नीट ठेवला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही खोटं बोलताना त्या गोल खळग्यावरच बोट फिरवत होता."

मी विचारलं, मग तुम्ही ते खरं का मानलंत?

"मनीषा झोपत नव्हती. तिला वाटायचं, मला कळत नाही. दार उघडलं की पोरगी जागी, दार लावलं की हे आत. दोघांतलं एक निवडायचं होतं." त्यांनी कपबशी बाजूला सारली. "ह्यांना मी भेटेनच पुढं कधीतरी. पोरगी आत्ता आहे."

खाली सोसायटीत कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, परत आलेल्या बुटांचं तुम्ही काय करता? मी सांगितलं, कापतो. त्यांनी पहिल्या जोडीचं विचारलं नाही, आणि मी तेवढं मात्र सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "हा नका कापू. ती दोरी तेवढी कापा, आणि दाराबाहेर ठेवा. आत नको."

देवळालीला मी रविवारी सकाळी गेले. घराचं पुढचं दार बिजागरीवरून काढून अंगणात दोन विटांवर आडवं ठेवलं होतं आणि रंगारी पॉलिश पेपरनं ते घासत होता. दाराच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूनं, पायाच्या उंचीवर, रंग लाकडापर्यंत गेला होता. रंगारी म्हणाला, बाई, हे घुशीचं काम नाही, घूस कुरतडते, हे ठोकरलंय. मी पर्समधली कात्री काढून दोरी कापली आणि जोड पायरीवर ठेवला, नाकं रस्त्याकडं करून.

दोन दिवसांनी दार बसवून झाल्यावर रंगाऱ्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, बूट दुसऱ्या दिवशी नव्हते, मी नेले नाहीत. त्यानं नेलेही असतील. बाहेर ठेवलेला चांगला बूट कुणीही नेईल. त्याचा स्वतःचा नंबर आठ होता, ते मी पायरीवर काढलेल्या त्याच्या चपलांवरून पाहून ठेवलं होतं.

राहिला होता तो क्लेम. तो बंद केल्याशिवाय महिनाअखेर होत नाही. कंपनी कापलेल्या बुटाचा फोटो मागत होती, तो नाही असं लिहिलं, त्याबद्दल नंतर मला मेमो मिळाला आणि तो मी जपून ठेवला आहे. मग सिस्टिमनं कारण विचारलं. ठरलेली यादी येते, तिच्यातलं एक निवडावं लागतं, स्वतःचं काही लिहिता येत नाही. शिवणीचा दोष. चिकटवणीचा दोष. चुकीचा नंबर. वाहतुकीत खराब. मी ती यादी बराच वेळ वर-खाली केली. शेवटी तळाशी असलेलं एक निवडलं आणि बटण दाबलं.

ग्राहकाने वापरले.